नकाशातलं झुडूप

ईट गावाच्या पुढं, डोंगरावरच्या सपाटीला एक मोठं गायरान आहे. त्यातून तीन ओढे उतरायचे. आता दोनच उतरतात, आणि त्यात माझा हात आहे.

तिथं सोलरचा प्रकल्प यायचा होता. उतार कुठं, सपाट कुठं, पाणी कुठून वाहतं, हे कागदावर आणायचं काम आमच्या ऑफिसकडं होतं. ड्रोन उडवायचा मी. ऐन उन्हाळा, तिन्ही ओढे कोरडे ठणठणीत. मधल्या ओढ्यात मेंढरं राखणाऱ्या एका मावशींचा झिरा होता, म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा आणि त्यात पाझरणारं पाणी. रानडुकरांनी नासवू नये म्हणून त्या झिऱ्यावर बोराटीच्या काटेरी फांद्या टाकून ठेवत. त्या सारून त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं.

"आख्खा उन्हाळा जित्राबं ह्याच्यावरच हायती सायेब. तेवढं लिवून घ्या."

घेतो म्हणालो.

ड्रोनच्या फोटोत बोराटी तेवढी दिसली. ऑफिसात नकाशा काढणाऱ्यानं तिथं झुडपाची खूण केली. मी साहेबांना सांगितलं, तिथं पाणी आहे. "मग जागेवर जाऊन मोजून आण, घालू नकाशात," ते म्हणाले. अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण ऊन रणरणत होतं आणि मला कंटाळा आला. लोकांना सांगताना मी खापर साहेबांवर फोडतो. त्यांनी अडवलं नव्हतं. मीच गेलो नाही.

पुढं कुंपणाच्या खुणा रोवायला गेलो, तेव्हा ओढ्यात जेसीबी उभा होता. बोराटी उपटून बाजूला फेकलेली, रस्त्यासाठी मुरमाचा टिपर येऊन थांबलेला. मावशी धावत माझ्याकडं आल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बरं झालं तुमी आलाव. ह्यो डायवर लई आडमुठा हाय. नकाशात पानी न्हाय म्हनतो. तुमी लिवून घेतलंय न्हवं? दाखवा की त्याला कागद."

कागद माझ्या पाठीवरच्या बॅगेतच होता, झिऱ्याच्या जागी झुडपाची खूण असलेला.

"ऑफिसात राहिलाय, मावशी."

"मग उद्या आना," त्या म्हणाल्या, आणि तोवर थांब म्हणून सांगायला जेसीबीकडं निघाल्या.