काढ्याची बाटली

निगडीला आमच्या कंपनी बसमध्ये चढणारे ते काका बसायच्या आधीच गुळवेलीच्या काढ्याची बाटली पुढे करायचे. "घ्या राव, झाडपाल्यानं कधी कुनाचं वाईट झालंय व्हय?" मी गोळ्यांची बाजू घेऊन चाकणपर्यंत भांडायचो.

त्यांना स्वतःला शुगर. सेफ्टी शूज चावून अंगठ्याला जखम झाली, तेव्हा हळद-कडुनिंबाचा लेप बांधून त्यावर तोच बूट चढवला आणि ओव्हरटाइमही केला. शेवटी अंगठा कापावा लागला.

आता ते डब्याआधी मुकाट्यानं गोळी घेतात. काल मला खोकला आला. त्यांचा हात सवयीनं पिशवीत गेला आणि रिकामाच बाहेर आला. "डाक्टरला दाखवा," म्हणाले.

वाद मी जिंकलो होतो. तरी बाटली निघेल म्हणून मी पुन्हा एकदा, मुद्दाम, खोकलो.