टाइमकीपरांची एकच चूक

टाइमकीपर पोह्यांच्या बशीकडेसुद्धा संशयाने बघायचे. "गरम आहेत," म्हटलं की विचारायचे, "कशावरून?" मुलांनो, हा प्रश्न त्यांनी मला इतक्यांदा विचारला, की शेवटी मीही त्यांच्याकडे त्याच नजरेने बघू लागले.

मिलच्या फाटकावर हजेरी घेण्यात त्यांचा जन्म गेला. उशिरा आलेल्याला कारण विचारायचं आणि ते खोटं धरायचं, अशी ती नोकरी. मग मिल बंद पडली आणि आवारातला दवाखानाही. तरुण पोरं पोलोग्राउंडच्या कारखान्यांत लागली. म्हातारे खोकत, गुडघे धरून घरी बसले. त्यांना मोठ्या इस्पितळात नेणार कोण? दवाखाना पुन्हा उघडायचा, असं टाइमकीपरांनी मनावर घेतलं.

आवाराची किल्ली युनियनच्या पुढाऱ्याकडे होती. फुकट बसायला तयार असलेले डॉक्टर आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचे मित्र. पाणी आणि वीज पार्षदाच्या, म्हणजे वॉर्डाच्या नगरसेवकाच्या, हातात. तिघांचं उत्तर मात्र एकच: तो येणार असेल तर मी नाही.

टाइमकीपर माझ्याकडून पत्रांवर पत्रं लिहून घ्यायचे. मी शाळेतली बाई. प्रत्येक पत्राची कार्बन कॉपी फाइलला लावायची.

"कॉपी कशाला ठेवता, बाईजी?" त्यांनी एकदा डोळे बारीक करून विचारलं.

तुमचे आजोबा म्हणाले, "याला निवडणुकीचं तिकीट हवंय, बघ." मलाही तसंच वाटायचं. मी तोंडावर विचारलं, "उभं राहायचंय ना तुम्हाला?"

"कशावरून?"

अखेर तिघंही एकत्र यायला कसेबसे तयार झाले. तिघांना आवारात बोलावणाऱ्या शेवटच्या तीन पत्रांत टाइमकीपरांनी मला वेळेची जागा रिकामी ठेवायला सांगितली. "ती मी भरीन. वेळ हे माझं काम."

त्या दिवशी पुढारी आणि अध्यक्ष दहाला हजर झाले. दहाच्या ठोक्याला टाइमकीपरांनी फाटक बंद केलं आणि पुढाऱ्याकडची किल्ली आपल्या खिशात घातली. पार्षद साडेदहाला आले. बाहेर म्हाताऱ्यांची गर्दी आणि डोक्यावर ऊन.

"भिया, गेट खोलो!" त्यांनी टाइमकीपरांना हाक मारली.

"दहाची वेळ होती," टाइमकीपर आतूनच म्हणाले.

"अरे, पत्रात साडेदहा लिहिलंय!"

फाटक उघडायला अर्धा तास गेला. तेवढ्यात मिलमध्ये माग चालवणाऱ्या एका साचेवाल्याच्या विधवेने पार्षदांचा हात धरून त्यांना आपली सुजलेली पावलं दाखवली. "तूच डॉक्टर का रे बेटा? कधीची उभी आहे मी." तिला सावलीत बसवून पार्षद आत आले ते घाम पुसत. भांडले नाहीत. "पानी-बिजली मेरी तरफ से," एवढंच म्हणाले. मग बाकीच्या दोघांना मागे सरता येईना.

दवाखाना आठवड्यातून दोन दिवस सुरू झाला. निवडणुकीत उमेदवारांची यादी मी दोनदा वाचली. टाइमकीपरांचं नाव नव्हतं.

पुढे थकल्यावर ते स्वतः त्याच दवाखान्याच्या रांगेत, बाकावर बसायचे. शेवटचे भेटले तेव्हा मी विचारलं, "मिनिटाची चूक न करणारे तुम्ही. त्या एकाच पत्रात साडेदहा कसे पडले? मुद्दाम ना, पार्षदांना त्या गर्दीत उभं करायला?"

त्यांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे.

"कशावरून, बाईजी?" ते म्हणाले, आणि त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.