गल्फला जायचे कपडे

मिरा रोडला मी जेवढ्या फ्लॅटमध्ये राहिलोय, तेवढ्या फ्लॅटमध्ये एखादा बिल्डरपण राहिला नसेल. राहिलोय म्हणजे लादी सुकेपर्यंत. नंतर तिथं माणसं राहायला येतात.

मी लादीवाला. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, तिसरीत मास्तरांनीच हात जोडले. लादी मात्र सरळ बसवतो. हे आमची बायकोपण मान्य करते, आणि ती माझं दुसरं काहीच मान्य करत नाही.

पूनम सागरकडच्या एका टॉवरात खालच्या लॉबीपासून वरच्या मजल्यापर्यंत लादी आमच्या टोळीनं बसवली. लोक राहायला आल्यावर तिथल्या एका मॅडमनी किचनमधली फुटलेली लादी बदलायला बोलावलं. गेटवर वॉचमननं अडवलं. म्हणाला, कामवाल्यांची लिफ्ट मागं आहे, आणि ती बंद आहे. मी म्हटलं, मग पुढच्या लिफ्टनं जातो. तर म्हणतो, लॉबीतून जायचं नाही, लादी आत्ताच पुसलीय. बोलता बोलता तो आमच्याच परभणीकडचा निघाला, पण त्यानं काय होतंय? त्याच्या अंगात युनिफॉर्म होता, माझ्या अंगाला सिमेंट. गेलो जिन्यानं.

त्यावरनं मला अक्कल आली. एका फ्लॅटवाल्यानं टाकून दिलेली लॅपटॉपची बॅग उचलली आणि तिच्यात थापी, रबरी हातोडी, लेव्हल टाकायला लागलो. शर्ट इन करायचा, बूट पुसायचे, वर जाऊन कपडे बदलायचे. तेव्हापासून मला कुठल्याच गेटवर कोणी अडवलं नाही. एकानं तर सलाम मारला. मीपण साहेबासारखी मान हलवली, पण खांद्यावर बॅग एवढी जड की वाकडी झालेली मान लिफ्टमध्ये जाऊन सरळ केली.

मग आमच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट ठरलं. जेसल पार्कच्या पुढं खाडीकडं आमची चाळ. मालकाला टॉवरमध्ये फ्लॅट मिळणार होता. आम्ही भाड्यानं राहणारे, आम्हाला खोली रिकामी करायची तारीख मिळाली. बायको म्हणाली, किती दिवस लोकांच्या खोल्या बदलत फिरायचं, आता एक स्वतःची पाहिजे. आणि आमच्यासारख्याला स्वतःची खोली म्हणजे गल्फ. चाळीतली जी घरं स्वतःच्या खोलीत गेली, त्यांचा एकेक माणूस तिकडं वाळवंटात आहे.

मी आणि माझा कामावरचा जोडीदार, तो उत्तर प्रदेशचा, दोघांनी एजंटकडं नाव दिलं. एजंटनं समजावून सांगितलं की तिकडं लादी एकच, पण पगार पासपोर्ट बघून. नेपाळवाल्याला कमी, आपल्याला त्याच्याहून जरा जास्त, फिलिपिन्सवाल्याला आपल्याहून जास्त. मी विचारलं, आणि गोऱ्याला? तर म्हणाला, गोरा लादी बसवत नाही, बसवलेली लादी बघतो. जोडीदाराला राग आला. मला मात्र नेपाळवाल्याच्या वर आहे ऐकून बरं वाटलं. कोणाच्या तरी वर असायचा माझा तो पहिलाच प्रसंग.

टेस्ट होती भाईंदर ईस्टला, इंडस्ट्रियल एरियातल्या एका रिकाम्या गाळ्यात. परदेशातनं माणूस येणार, म्हणजे गेटवर जे चालतं ते तिथं डबल चालणार, असा माझा हिशोब. मेहुणा मिरा रोडला कपड्याच्या शोरूममध्ये कामाला आहे, त्याची टाइट पँट मागून आणली. सेंट मारला. हाताचा खरखरीतपणा जावा म्हणून बायकोची क्रीम आठवडाभर चोळत होतो. जोडीदार साइटवरनं तसाच आला, हाफ पँट, पायावर वाळलेला सिमेंटचा माल. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, निदान तोंड तरी धू, देशाच्या इज्जतीचा सवाल आहे.

आत टेबलामागं तिकडचा साहेब मोबाइल बघत बसला होता. टेस्ट घेणारा त्याचा फोरमन, केरळचा माणूस. त्यानं आधी सगळ्यांचे हात बघितले. जोडीदाराचा तळवा अंगठ्यानं दाबला आणि पुढं झाला. माझा हात धरला, उलटासुलटा केला, नाकापाशी नेला आणि सोडून दिला. मग प्रत्येकाला चार लाद्या बसवायला दिल्या.

लादीवाल्याचं सगळं काम उकिडवं बसून. मी बसायला गेलो, तर पँटच तयार होईना. गुडघ्याला अडली आणि मागं कुठंतरी टर्र झालं. मेहुण्याची पँट, आणखी फाटली असती तर सासरी तोंड दाखवायची सोय नव्हती. म्हणून मी कमरेतनं वाकून, बगळ्यासारखा, माल पसरला आणि लाद्या वरनंच ठोकल्या. लाइन एकदम सरळ आली. मी खूश. मग फोरमननं हातोडीच्या दांड्यानं एकेक लादी वाजवून बघितली. जोडीदाराच्या लाद्या भरीव वाजल्या. माझ्या चारीच्या चारी डब डब. खाली पोकळ. बसून दाबल्याशिवाय खालचा माल भरत नाही, हे मी स्वतः किती जणांना शिकवलंय.

मी त्याला हिंदीत विनवलं की पँट बदलून येतो, एक चान्स द्या. तो वाईट बोलला नाही. पुढच्या माणसाला हात करत एवढंच म्हणाला, "उधर साब बहुत है. हमको लादीवाला चाहिए."

जोडीदाराचं काम झालं. मला चहा पाजायला आला तेव्हा तोंड धुऊन आला होता.

घरी बायको भांडी खोक्यात भरत होती. मी तिला जरा सजवून सांगितलं, की माझं काम पसंत होतं, पण त्यांना मी साहेबच वाटलो, म्हणून राहिलं. तिनं खोक्याला दोरी गुंडाळली, गाठ मारली, दातानं तोडली.

"साहेब वाटला असतात तर बसायला खुर्ची दिली असती," ती म्हणाली. "ती पँट माझ्या भावाला देऊन या. उद्या नालासोपाऱ्याला भाड्याची खोली बघायला जायचंय, आणि दलाल कपडे बघून भाडं सांगतो."