कोरी बाटली

आमच्या वहिनींबरोबर एका घरात राहायचं म्हणजे अर्धं आयुष्य "हे घरात कुणी आणलं?" या प्रश्नाला उत्तर देण्यात जातं. अंडं न चिकटणारा तवा मी हौसेनं आणला, तो दुसऱ्याच दिवशी बाहेर. पावसात न भिजणारी माझी बॅग बाहेर. सोफ्यावर डाग पडू नयेत म्हणून दुकानदारानं त्यावर काहीतरी मारून दिलं होतं, ते कळल्यावर तर सोफाच बाहेर गेला आणि दादा, वहिनी आणि मी असे तिघं महिनाभर लाकडी खुर्च्यांवर पाठ अवघडून घेत बसलो. मी शाळेत चित्रकला शिकवतो, लग्न केलेलं नाही, जेवायला यांच्याकडेच असतो. तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. तरी करतो.

वहिनी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहेत. त्या शोधतात ते म्हणजे फ्लोरिनच्या रसायनांचं एक मोठं खटलं. तवा चिकटू नये, कापड भिजू नये, डाग बसू नये म्हणून माणसानं ती बनवली. ती कुजत नाहीत, विरत नाहीत, एकदा पाण्यात शिरली की मुक्कामच ठोकतात. लाख कोटी थेंबांत त्यांचा एखादा थेंब असला तरी वहिनींना तो सापडायला हवा. इतकं बारीक मोजायचं तर मोजणाऱ्याच्या अंगावर ते असून कसं चालेल? म्हणून नमुने घ्यायच्या दिवशी वहिनी ना क्रीम लावत, ना नवा कपडा घालत. त्यांचा सुती कोट इतका धुतलेला आहे की त्याचा मूळ रंग कोणता हे दादालाही सांगता येत नाही, आणि दादाची तर लाँड्री आहे.

दादा म्हणजे मनानं लोणी, पण स्वस्थ बसणं त्याला ठाऊक नाही. वहिनींसाठी काहीतरी करायला त्याचे हात सारखे शिवशिवत असतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हा माणूस अजून बायकोवर छाप पाडायच्या मागे आहे. मला याचा वैताग येतो, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटतो.

आमच्या गावाबाहेर नळांना चकाकी चढवणारा एक कारखाना आहे; त्या कामातही हीच रसायनं वापरतात. त्याच्या मागे वस्ती आणि वस्तीला पाण्याचा एकच पंप. पंपाची किल्ली एका काकूंकडे असते. आमचं पाणी तपासा म्हणून या काकूंनी प्रयोगशाळेचे उंबरठे झिजवले होते. पाणी वाईट निघालं तर पंप बंद होऊन वस्तीला गाडीनं चांगलं पाणी मिळणार होतं. नाहीतर पोरंबाळं तेच पीत राहणार होती.

पंपावर जाताना वहिनी प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याची एक बाटली बरोबर नेतात. ती तिथे उघडायची, पाणी दुसऱ्या बाटलीत ओतायचं, झाकण लावायचं आणि परत आणायचं. तिला त्या कोरी म्हणतात. पंपाच्या पाण्याबरोबर कोरीचीही तपासणी होते, आणि तिच्यात काहीही सापडता कामा नये. सापडलं, तर ते आपल्याकडूनच पडलेलं असणार. मग पंपाचा आकडाही बाद.

या वेळी कोरी कोरी निघाली नाही.

मग काय विचारता! वहिनी घरात पोलिसासारख्या वावरायला लागल्या. हातमोजे तपासून झाले, झाकणं झाली, गाडीच्या सीटचं कापड झालं. माझ्या रंगांच्या ट्यूबासुद्धा सुटल्या नाहीत.

"भावजी, त्या दिवशी माझ्या पिशवीला हात लावला होता का तुम्ही?"

"वहिनी, आता मलाच बाटलीत भरून न्या आणि तपासा," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. माझ्या फालतू विनोदालाही हसणारी बाई हसली नाही, तेव्हा प्रकरण साधं नाही हे मला कळलं.

एका सकाळी त्या कोट घालून निघायच्या तयारीत होत्या. दादा चहा देताना कप कलंडला आणि सगळा चहा त्यांच्या बाहीवर सांडला. मी फडकं घेऊन धावलो. पण चहाचे गोल गोल थेंब झाले आणि बाहीवरून घरंगळत जमिनीवर गेले. बाही कोरडी ठणठणीत.

"बघितलंस?" दादानं माझ्याकडे बघत टुणकन उडीच मारली. "मी वाटच बघत होतो हिला कधी कळतंय याची! अगं, दुकानात नवा फवारा आणलाय. गेल्या वेळी तू चिंब भिजून आलीस, आठवडाभर शिंकत होतीस. म्हटलं, कोटाची सोयच करून टाकू."

"कधी मारलात?"

"पंपावर जायच्या आदल्या दिवशी. दोनदा मारला. घाबरू नकोस, डब्यावर हिरवं पान आहे आणि 'निर्धोक' असं लिहिलंय. मी वाचूनच घेतला."

आता घर डोक्यावर घेतील असं मला वाटलं. वहिनी खुर्चीत बसल्या. दादाच्या उत्सुक तोंडाकडे त्यांनी बघितलं.

"माझी काळजी करता, ते कळतं हो मला," त्या हळूच म्हणाल्या. "जरा कात्री द्या."

त्यांनी बाहीचा तुकडा कापला आणि सोबत नेला. कोरीत सापडलेलं रसायनच त्या तुकड्यात निघालं. दादाला हे कळलं तेव्हा त्यानं दुकानातला फवारा बाजूला काढला आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन करत बसला. तुमच्या मुलाच्या जाकिटावर मी काय मारलंय ते ऐका, म्हणाला. जेवायला आला नाही.

तिकडे प्रयोगशाळेत साहेब म्हणाले, "नमुना घेताना चूक झाली एवढंच वस्तीला सांगा. जास्त खोलात शिरू नका."

"कशामुळे झाली तेही सांगायला हवं, साहेब," वहिनी म्हणाल्या. "माझ्या कोटामुळे, असं सांगेन. कोट कुणी फवारला तो माझ्या घरचा मामला."

पंपापाशी वस्ती जमली होती. आम्ही दोघं भाऊ मागे उभे होतो. वहिनींनी कोटाचं सगळं सांगितलं आणि पाणी पुन्हा घ्यावं लागेल म्हणाल्या. कारखान्याचा मॅनेजर मोठ्यानं हसला.

"म्हणजे विष बाईंच्या अंगावर, आणि बदनाम आम्ही!"

दोघंचौघं हसले. माझं डोकं सणकलं. मी बाह्या सरसावून पुढे निघालो, तर दादा माझ्याही पुढे गेला.

"कोट मी फवारला," तो म्हणाला. "हिला न सांगता. माझी लाँड्री आहे. तिचं काम चोख आहे. गाढव मी आहे."

मग काकू उठल्या.

"तुम्ही गाढव असाल, भाऊ, ते तुमचं तुम्ही बघा. पण या बाईनं स्वतःच्या अंगावरचा कोट कापून तपासला. ही आमच्या पाण्याबद्दल खोटं बोलायची नाही. बाई, घ्या पुन्हा पाणी. तुम्ही सांगाल ते मान्य."

दुसऱ्या खेपेला वहिनी दादाचा एक विरलेला सुती सदरा घालून गेल्या. नेमका धो धो पाऊस आला. दादा पंपापासून लांब, मिटलेली छत्री छातीशी धरून उभा. छत्रीच्या कापडालाही तेच लावलेलं असतं, म्हणून जवळ यायची त्याला बंदी होती. बायको डोळ्यांदेखत निथळते आहे आणि हा छत्री उघडू शकत नाही! त्यानं ती स्वतःवरही उघडली नाही. मी त्याला वेडा म्हणालो आणि त्याच्याशेजारी भिजत उभा राहिलो.

निकाल सांगायला वहिनी पुन्हा वस्तीत गेल्या. सवयीप्रमाणे त्यांनी आधी कोरीचं सांगितलं.

"कोरी बाटली स्वच्छ आहे. काहीही सापडलं नाही."

वस्तीला त्यातलं काही समजलं नाही. दादाला समजलं. तो एकटाच टाळ्या वाजवायला लागला, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. मग वहिनींनी पंपाचा आकडा वाचला. तो पिण्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर होता. दादाचे हात तसेच थांबले. कोरी स्वच्छ, म्हणजे हा आकडा खरा.

काकूंनी पंपाला कुलूप लावलं आणि वहिनींसमोर येऊन उभ्या राहिल्या. "आणि आजवर प्यालो त्याचं काय?"

वहिनींनी त्यांचा हात हातात घेतला. "ते अंगात आहे, काकू. कमी होईल, पण फार हळूहळू."

"माझ्यापायी मधले दिवसही तुम्ही तेच प्यालात," दादा कसाबसा म्हणाला.

"इतकी वर्षं प्यालो, त्यात तुमचे दिवस कुठे वेगळे काढू?" काकू म्हणाल्या. "उद्या पाण्याची गाडी येईल. तेव्हा बादल्या उचलायला या."

दुसऱ्या दिवशी दादा लाँड्रीला कुलूप लावून सकाळीच तिकडे गेला. आणि वहिनी, ज्या कधी कामाला उशिरा जात नाहीत, त्या वाट वाकडी करून वस्तीवरून गेल्या, बादल्या वाहणाऱ्या आपल्या नवऱ्याला बघायला.