चाफ्याखालचं बाकडं
चाफ्याचा आणि तळणीचा वास एकत्र आला, की मला मुरबाडच्या बाजारातलं ते हॉटेल आठवतं. नव्वदच्या दशकात, बाजाराच्या दिवशी बा मला तिथं न्यायचा. समोरच्या दारानं नाही, बाजूच्या बोळातून मागच्या अंगणात. शेणानं सारवलेली गार जमीन, चाफ्याखाली एक बाकडं आणि त्यावर आम्ही दोघंच. "ही आपली खास जागा गो," बा म्हणायचा. भजी खाऊन झाली, की चहाचे कप स्वतः विसळून कुंपणाच्या खुंटांवर पालथे घालायचा. मला ते अगदी घरच्यासारखं वाटायचं. शाळेत मी त्या अंगणाच्या इतक्या बढाया मारल्या, की एकदा गावातल्या मैत्रिणीला ते दाखवायलाच नेलं. दोघी समोरूनच आत शिरलो. "आमी मागं अंगणात बसतो," मी मालकाला ऐटीत सांगितलं. त्यानं हसून मैत्रिणीसाठी खुर्ची ओढली. "तू बस इथं, बाय," तो तिला म्हणाला आणि मग तितक्याच गोड आवाजात मला, "तू जा मागं. तुमच्या वस्तीचे कप तिकडंच हायेत." मैत्रीण माझ्याकडे न बघता बसली. मी घरी पळत आले. मालकाचा राग पुढं कधीतरी आला. त्या दिवशी आला तो बाचा. आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही, आणि त्यानं एकदाही विचारलं नाही, का म्हणून. परवा लेकीनं शहरातल्या एका हॉटेलात नेलं. वेटर कौतुकानं म्हणाला, "मागे अंगण आहे, खास जागा." मी रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशा दारातल्या टेबलावर जाऊन बसले.