चौथ्या पाण्यानंतर

रसवाल्यांच्या गाड्यांवरची चिपाडं गोळा करून मी धंदा उभा केला. आमचं भिक्षुकाचं घर. नातेवाईक नाक मुरडत. धाकटा भाऊ मात्र विद्यापीठात त्याच चिपाडांपासून साखर काढायच्या मागे होता. साखर जाळून केलेला कोळसा तो तीव्र ॲसिडात तापवी. ती काळी पूड आणि चिपाडांचा भुसा पाण्यात घालून बंद भांड्यात तापवला की भुशाची साखर होई. पूड गाळून पुन्हा वापरता येई, आणि सगळी किंमत त्या ‘पुन्हा’ची होती.

पूड आधी गरम पाण्याने धुवावी लागे, सुटं ॲसिड निघेपर्यंत. प्रयोगशाळेत गरम पाण्याची बोंब, म्हणून हे काम मंगला गौरी मोहल्ल्यातल्या आमच्या गच्चीवर चाले. धुवणात निळा लिटमस कागद बुडवायचा. लाल झाला की ॲसिड उरलंय, पुन्हा धुवायचं.

“किती पाणी घालशील? सोवळ्यात घ्यायचीय का तिला?” मी म्हणायची.

“ताई, तुझ्या गोदामापेक्षा तरी स्वच्छ हवी.”

या बोलण्यासाठी मी दुपारी गिऱ्हाईक सोडून घरी येत असे.

एकदा धुवायचं माझ्यावर सोपवून तो शिकवायला गेला. साखर कारखान्याचा मालक दुसऱ्या दिवशी यायचा होता. चौथ्या पाण्यानंतरही कागद लाल झाला. मी तो फेकला आणि पूड वाळत घातली.

मालकासमोर भरपूर साखर उतरली. मी सौदा जवळजवळ पक्का केला. पण भावाने तीच पूड पुन्हा वापरून दाखवली, तेव्हा साखर नावापुरती. पहिली करामत सुट्या ॲसिडाची होती.

“धुलाई ठीक से नहीं हुई. गलती मेरी है,” तो म्हणाला.

मालक उठून गेला. मी तिथे गप्प राहिले आणि घरी येऊन त्याच्यावरच तुटून पडले. दुसरी खेप त्याच दिवशी दाखवायची काय गरज होती? महिन्याभरात त्याने पुण्याला नोकरी धरली.

त्याने ते त्याच दिवशी दाखवलं, हे मला अजून सलतं. तरी दुपार झाली की कान जिन्याकडे लागतात. सोमवारी मीच फोन केला.

“कागद लाल होता. मी पाहिला होता. पण तूही जरा थांबायचं होतंस.”

 तो म्हणाला, “ताई, वर्गावर चाललोय. नंतर बोलू.”

आज शुक्रवार. पुन्हा फोन करणार नाही. पण काल त्याची खोली भाड्याने मागायला एक बँकवाले आले. मी सांगेन ते भाडं त्यांना कबूल होतं. खोली रिकामी नाही म्हणून मी त्यांना परत पाठवलं.