घरची कणीक

१९६४ची बालाजीची यात्रा. देऊळगाव राजाला आमच्या मंडळाने शापाने महारोगी झालेल्या राजाचं जुनं नाटक नव्याने बसवलं होतं. राजाच्या कामाला वडनेरकडचा एक नट अकरा रुपयांत ठरला, तेव्हा मंडळ चालवणारे गुरुजी आणि मी हजर होतो. पूर्वी राजाच्या अंगावर नुसते खडूचे ठिपके देत. या माणसाने माझ्याकडे पावशेर कणीक मागितली. मी ती घरून मोजून आणून दिली.

सकाळभर तो आरशापुढे कणकेत मेण आणि कुंकू मळत बसला. एका हाताची बोटं मुठीत दुमडून त्याने वर कणकेची लावली, दुसऱ्या हातावर कणकेचेच फोड उठवले. दुपारच्या खेळात शाप लागताच ती एकेक गळून पडली आणि तो थोट्या हाताने डोक्यावरचा मुकुट चाचपू लागला. पुढे बसलेल्या बायका उठून गेल्या. तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही.

खेळ संपल्यावर, त्या फोडांनी भरलेल्या दुसऱ्या हाताने, त्याने मला पानाचा विडा दिला. माझा हात आपोआप मागे गेला.

तो हसला. "काऊन भेता, भाऊ? कणीक तं तुमच्याच घरची हाय."

मला ते ठाऊक होतं. तरी मी विडा घेतला नाही. त्याने तो डबीत परत ठेवला.

ठरलेले अकरा रुपये मी त्याला पूर्ण दिले, पण हातात नाही. त्याच्या पेटीवर ठेवले.